उन्हाळ्यातील वेरूळची वाट आणि सायकलस्वाराचे कपडे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. छावणी मागे टाकून मिटमिट्याच्या दिशेने निघाले की शहराचा गलबला ओसरू लागतो आणि काही वेळाने देवगिरीचा सुळका समोर उभा राहतो. मे महिन्यात येथे सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो. त्याआधीच्या अंधुक उजेडात या रस्त्यावर सायकलस्वार दिसतात आणि त्यांत साठी ओलांडलेलेही असतात. आपण त्यांच्यापैकी असाल, किंवा आपले वडील, सासरे, मावशी यांनी निवृत्तीनंतर सायकल बाहेर काढली असेल, तर उन्हाळा लागताच घरात एक प्रश्न हमखास निघतो: सायकलीचे खास कपडे घ्यावेत का, आणि त्यावर किती खर्च करावा?

स्पष्टच सांगावयाचे तर खर्च एकाच वस्तूवर करावा. बसण्याच्या जागी गादी शिवलेली चड्डी, जिला दुकानात ‘पॅडेड शॉर्ट्स’ म्हणतात, ती विकत घ्यावी. बाकी बहुतेक सारे आपल्या कपाटात आधीच आहे.

हे म्हणण्यामागे या गावाची हवा आहे. शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, पठारावर वसलेले. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. मुंबईत घाम अंगावर निथळत राहतो. येथे तो आला कधी आणि वाळला कधी, हे कळतही नाही. शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडले की मगच उमगते. घाम वाळताना शरीर थंड होते, म्हणून कोरडी हवा एका अर्थी सायकलस्वाराची मित्र आहे. परंतु ती शरीरातील पाणी गुपचूप नेते. उतारवयात तहान उशिरा लागते आणि घामही तरुणपणाइतका सुटत नाही. कपड्यांची निवड या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनच करावयाची.

कापडाच्या बाबतीत या शहराला कोणी शिकवावे असे नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर हिमरूची विणकाम-कला येथे आली, असे परंपरेने सांगितले जाते. हिमरूचेच भावंड म्हणजे मशरू. त्यात वरच्या बाजूस रेशमाची झळाळी असते आणि अंगाला लागणाऱ्या बाजूस सूत. रेशीम थेट त्वचेला लागू नये या धार्मिक संकेतातून हे वस्त्र घडले. पण उष्ण मुलखात अंगालगत सूत असण्याचे सुख ते वापरणाऱ्यांना निश्चितच कळले असणार. सायकलीवर मशरू कोणी घालणार नाही. तरीही कापड निवडताना आधी आतली बाजू हाताने चाचपावी, ही सवय त्यापासून घेण्यासारखी आहे.

वरचा कपडा म्हणून पूर्ण बाह्यांचा, पातळ सुती, सैलसर सदरा घ्यावा. नवा नको. शंभरदा धुऊन मऊ झालेला, कॉलर विरलेला असेल तर अधिक चांगला. उन्हाळ्यात उघडे हात बरे, असा एक समज आहे, पण तो येथे टिकत नाही. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की अंगावरून वाहणारा वारा उष्णता काढून नेण्याऐवजी उलट देऊ लागतो. मराठवाड्यातील शेतकरी भर उन्हात अंगभर कपडे आणि डोक्याला रुमाल का बांधतो, याचे उत्तर यातच आहे. रंगाबद्दलही थोडे सांगावयास हवे. वाळवंटातील बदाऊनी लोक काळे झगे घालतात, त्यांचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. झगा काळा असो वा पांढरा, आतील माणसाला पोहोचणारी उष्णता सारखीच भरली, कारण झगा सैल होता आणि आत हवा खेळत होती. तेव्हा सैलपणाचे महत्त्व रंगाहून अधिक. तरीही आपण पांढरा किंवा फिकट पिवळाच निवडावा, कारण पहाटेच्या उजेडात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपण दिसलो पाहिजे. पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घेतल्यास उत्तम.

एक उणीव मान्य करावी लागेल. सूत घाम शोषते आणि धरून ठेवते, त्यामुळे लांबच्या प्रवासात सदरा जड होतो आणि काखेत, छातीवर घासू लागतो. म्हणून तरुण मंडळी पॉलिस्टरच्या जर्सी वापरतात. पैठण गेट, गुलमंडी परिसरात फिरलात तर साध्या खेळाच्या जर्सी मिळतील, आणि दमट कोकणात राहणाऱ्याला मी तीच घ्या असे सांगेन. आपल्याकडील कोरड्या हवेत मात्र सुती सदरा चालतो. पिशवीत एक कोरडा बनियन ठेवला की काम भागते.

आता दौलताबाद. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर रस्ता किल्ल्याच्या तटातील दिल्ली दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद आणि वाहने मोठी, त्यामुळे तेथे उतरून सायकल हाती धरून चालावे. पहिल्यांदा निघालेल्या ज्येष्ठाने येथूनच परत फिरणे शहाणपणाचे, कारण जाऊन-येऊन ३० किलोमीटर होतात आणि तेवढे पुष्कळ आहेत. पुढे घाट लागतो. चढावर माणूस बैठकीवर जड होऊन बसतो आणि इथेच कपड्यांची खरी परीक्षा होते.

साधी पँट, जीन्स, पायजमा यांच्या शिवणी नेमक्या बसण्याच्या जागी एकत्र येतात. आतल्या चड्डीच्या शिवणी त्यात भर घालतात. तासाभराच्या घर्षणाने वयस्क, पातळ झालेली त्वचा सोलवटते. मधुमेह असेल तर तीच छोटी जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. पुष्कळदा ज्येष्ठ मंडळी संकोचापोटी ही गोष्ट घरात बोलतच नाहीत आणि सायकल नुसती सोडून देतात. पॅडेड शॉर्ट्स यासाठी आहेत. पूर्वी त्यांत शॅमॉय नावाचे मऊ कातडे शिवत, आता कृत्रिम कापडाची गादी असते. ती जाड असलीच पाहिजे असे नाही. फार जाड गादी गोळा होऊन उलट टोचते. घेताना बसून, पाय हलवून पाहावे. सुरकुती पडता कामा नये. हजार रुपयांच्या आत चांगली मिळते. त्याहून महागड्या घेण्याचे कारण आपल्यासारख्यांना नाही. परवडत असेल तर एकच महाग घेण्यापेक्षा दोन स्वस्त घ्याव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे: या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालावयाची नसते. गादी थेट त्वचेला लागावी, म्हणूनच तिच्यात शिवण नसते. ऐकायला चमत्कारिक वाटते, परंतु आत नेहमीची चड्डी घातली की सारा खर्च वाया. अंगाला चिकटणारा कपडा घालून चारचौघांत वावरणे आपल्याला रुचत नसेल तर वरून सैल सुती अर्धी विजार किंवा पायजमा खुशाल घालावा. स्त्रियांनी सलवारीच्या आत हीच चड्डी घालावी. नाडीची गाठ आणि घेर बैठकीखाली येणार नाही एवढे पाहावे. ओढणी मात्र पक्की खोचलेली हवी. चाकाच्या आऱ्यांत ओढणी अडकणे हा गंभीर अपघात आहे. उजव्या पायाच्या घोट्याशी पायजमा रबराने बांधावा, म्हणजे साखळीत जाणार नाही. दर दहा मिनिटांनी क्षणभर पॅडलवर उभे राहावे. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा वाटत असेल तर दोष कपड्याचा नसून बैठकीच्या कोनाचा किंवा उंचीचा असू शकतो. तो दुरुस्त करून घ्यावा, सोसू नये.

घाट चढून कागजीपुरा येतो, हाताने कागद करणाऱ्यांचे गाव, आणि मग खुलताबाद. येथे सावली पाहून थांबावे आणि ओला बनियन बदलावा. डोक्याला हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल असावा, आपल्याकडे ज्याला दस्ती म्हणतात तो. तो पाण्यात पिळून पुन्हा बांधला की कोरड्या हवेत जो थंडावा मिळतो, तो कोणत्याही महागड्या टोपीत नाही. मानेवर टोक सोडावे. पायांत बंद बूट आणि सुती मोजे. मधुमेह असेल तर इथे मोजे काढून तळपाय एकदा बघावेत, कारण बधिर पायाला फोड आल्याचे कळत नाही.

आता घरच्यांसाठी. रक्तदाबावरील काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाची गती आवरतात. दोन्ही प्रकारांत शरीराला उष्णता सोसणे अवघड जाते. म्हणून उन्हाळ्याआधी डॉक्टरांना ‘हे सायकल चालवतात’ असे आवर्जून सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये. सदऱ्याच्या खिशात नाव, घरचा दूरध्वनी आणि औषधांची नावे लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवावा. नऊच्या आत माणूस घरी किंवा सावलीत असावा, असा नियमच करावा. फोनवर बोलताना ते असंबद्ध बोलू लागले, चालताना तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो थकवा समजू नये. जवळच्यांनी सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

खुलताबादहून वेरूळपर्यंत उतार आहे. सदरा वाऱ्याने फुगतो, दस्ती वाळून जाते आणि लेण्यांचा डोंगर दिसू लागतो. ज्यांची मजल इथवर आहे त्यांनी परतीचा चढ उन्हात चढू नये. मुलाला गाडी घेऊन बोलवावे आणि तोवर कैलास लेण्याच्या सावलीत बसावे. घरी पोहोचताच पॅडेड शॉर्ट्स लगेच उतरवून, उलट्या करून साध्या साबणाने धुवाव्यात आणि गादीची बाजू वर ठेवून कडक उन्हात वाळत घालाव्यात. आपल्याकडचे ऊन तासाभरात त्या खडखडीत वाळवते.