आष्ट्याची बुट्टी आणि मामींची भाकरी

सांगलीहून इस्लामपूरकडे निघाले, की दुतर्फा उसाचे फड सुरू होतात आणि त्यांच्या मध्येच आष्टा लागते. गळीत हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढीत मी मामींच्या घरी पोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. वाळवा तालुक्यातील या बागायती मातीत आता ऊस आणि हळदच अधिक. मामींच्या घरचा शाळू मात्र जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्वेकडून, जत भागातून येतो. तो ऊन देऊन साठवायचा आणि दळण मात्र आठवड्यापुरतेच करायचे, हा त्यांचा जुना परिपाठ. पीठ फार दिवस राहिले, की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरते आणि कडवट लागते.

ऐंशी ओलांडलेल्या मामी अलीकडे खंगल्या होत्या. भूकच मंदावली असावी, असे समजून सूनबाई त्यांना चहाबरोबर बिस्किटे देत. त्या रात्री पंगतीला बसलो आणि कारण समोर आले. सूनबाई पहाटे भाकऱ्या करून कामावर जात. तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या तशाच बुट्टीत रचून झाकल्या जात. रात्रीपर्यंत खालची घामेजून चिकट होई, वरची वातड. मामींची कवळी सैल झालेली. त्या पापुद्रा तेवढा सोलून खात आणि उरलेली भाकरी ताटाच्या कडेला सारीत.

मी विचारले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "ती दमून येती रं बाळा. परत तव्याम्होरं कशाला बसवायचं तिला?"

हे सूनबाईंनी ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आधी सुपात पसरून त्यांची वाफ जाऊ दिली, मगच सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवल्या. रात्री भाकरीवर पाण्याचा हबका मारून, मंद आचेवर झाकण ठेवून ती मऊ केली. कडा काढून कुस्करा केला, त्यावर गरम आमटी ओतली आणि पंधरा मिनिटे मुरल्यावर पळीने घोटून एकजीव केले.

हे घोटणे महत्त्वाचे आहे. पातळ दुधात तरंगणारे भाकरीचे तुकडे आपल्याला सोपे वाटतात, परंतु गिळण्याची शक्ती मंदावलेल्या माणसाला तेच अवघड जातात. दूध आधी घशात उतरते, तुकडा मागे राहतो आणि ठसका लागतो. जेवताना ताठ बसवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. वारंवार ठसका लागत असेल, जेवताना आवाज घोगरा होत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सैल कवळीसाठी दंतवैद्य आहेतच. मधुमेह असल्यास ज्वारीची भाकरीही मोजूनच, कारण तीही पिष्टच. आणि बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढा भाग खुडून उरलेली भाकरी वापरू नये. सगळीच टाकावी, गोठ्यातही देऊ नये.

सोलापूरकडची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, ती तिच्यात ओलावा उरत नाही म्हणून. आपली मऊ भाकरी त्या हिशेबाने ठेवता येत नाही. मामींची नात अमेरिकेत असते. तिकडे अनेक मराठी घरांत पोळीच्या जागी मेक्सिकोचा टॉर्टिया असतो. फोनवर ती सांगत होती, की फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो लवकर ताठरतो. म्हणून मध्ये कागद घालून ती तो बर्फाच्या कप्प्यात ठेवते आणि लागेल तेवढाच काढून तव्यावर गरम करते. भाकरीलाही हे लागू पडते. मामींना मात्र बर्फातली भाकरी ही कल्पनाच अमंगळ वाटली, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तेव्हा त्या ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या. सूनबाई पीठ मळत होत्या. आधण पुरेसे कढले नव्हते, असे मामींचे म्हणणे होते.