नोंदलेली रेघ

पूर्वी एका खिडकीवरून दुसरी सरकली की खालचं चित्र पुसलं जाई आणि विंडोज प्रोग्रामला निरोप धाडी: तेवढा भाग पुन्हा काढ. त्या निरोपांना उत्तरं देण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांना डब्ल्यूपीएफकडे, म्हणजे विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशनकडे, वळताना हात आवरता घ्यावा लागतो. नोव्हेंबर २००६मध्ये डॉट नेट ३.०सोबत आलेल्या या फ्रेमवर्कमध्ये आपण थेट काही रंगवतच नाही. ऑनरेंडर या मेथडमध्ये रेघ काढली असं वाटतं, पण तिथे होते ती रेघेची नोंद. ती व्हिज्युअल ट्रीमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या घटकांच्या झाडात, राहते. पुढे पडदा हलला, काही झाकलं-उघडलं, तरी तीच नोंद कामी येते.

या नोंदी खाली मिलकोर या डब्ल्यूपीएफच्या रंगवणाऱ्या भागाकडे जातात. तो डायरेक्टएक्सशी बोलतो, वेगळ्या रेंडर थ्रेडवर, मागच्या वस्तूपासून पुढच्यापर्यंत एकावर एक रंगवत. पारदर्शकता इतकी सहज मिळते ती म्हणूनच. यूआय थ्रेडवर आपण मोठी फाइल वाचत बसलो, तर रेंडर थ्रेड मोकळा असूनही त्याच्या हाती नवी नोंद येत नाही आणि खिडकी गोठते. असं झालं की लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात, तो अन्याय आहे.

मला सर्वांत आवडतं ते लेआउट, म्हणजे घटकांच्या जागा ठरवणं. मेजर या पहिल्या फेरीत पालक घटक मुलाला विचारतो, तुला किती जागा हवी? अरेंज या दुसऱ्या फेरीत सांगतो, ही घे. एका पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये ‘मंजूर करा’ या बटणाला कुणीतरी पक्की उंची ठोकून दिली होती. इंग्रजी मजकूर त्यात मावत होता, मराठीत मात्र ‘जू’चा ऊकार खालून कापला गेला. उंचीची ती एक ओळ खोडली, आणि बटणाने अक्षरांना विचारून हवी तेवढी जागा घेतली. मापं इथे इंचाच्या ९६व्या भागात असतात, त्यामुळे स्क्रीन दीडशे टक्क्यांवर नेली तरी ९६ युनिटं १४४ पिक्सेल होतात आणि ऊकार शाबूत राहतो.

मराठी स्क्रीन बनवणाऱ्यांनी तरी उंच्या ठोकून देऊ नयेत. आणि डिसेंबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफचा कोड खुला करायला घेतला आहे, म्हणून यूआय-एलिमेंट या क्लासमधलं मेजर आणि अरेंज एकदा मुळातून वाचा.