बावन्न पानी कोट

चैत्र सरू लागला की बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या गावांना त्यांची माणसं परत मिळतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेले लोक कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, माघारी येतात. बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर, धारूर, केज, सगळीकडे महिनोन्‌महिने कुलूपबंद असलेली दारं उघडतात. मग भर दुपारी पारावर लिंबाच्या सावलीत घोंगडी पडते, पत्ते पिसले जातात आणि मेंढीकोटाचा डाव रंगतो.

या खेळाचं मला फार अप्रूप. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाच्या हाती १३ पानं. दश्शी म्हणजे मेंढी. एक्का, राजा, राणी, गुलाम तिच्याहून मोठे, तरी सगळ्यांचे डोळे तिच्यावर. चारपैकी तीन मेंढ्या ज्यांच्याकडे, डाव त्यांचा. चारी आल्या तर कोट. आणि तेराच्या तेरा हात एकाच बाजूने ओढले, समोरच्यांना एकही लाभू दिला नाही, तर तो बावन्न पानी कोट. उन्हाळेच्या उन्हाळे खेळूनही तो फार थोड्यांना लागतो.

मोठी पानं आली म्हणून तो लागत नाही. एक्के-राजे फार तर आठ हात ओढतात आणि संपतात. पुढचे हात लहान पानांवर काढावे लागतात. हुकमाची दुर्री कुणी जपून ठेवली असेल, तर परक्या रंगाचा एक्काही तिच्यापुढे पडतो. पण ती कधी उतरवायची, हे भिडूला विचारता येत नाही. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. त्याने काय टाकलं आणि काय राखलं, एवढ्यावरून त्याचं मन ओळखायचं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, आणि पहाटेच्या अंधारात फारसं न बोलता दोघांचं काम जुळत जातं. पारावरचे निष्णात भिडूही तसेच खेळतात.

असा विरळा डाव दूर जपानातही आहे. तिथे माहजोंग या सोंगट्यांच्या खेळालाही चौघंच बसतात. सोंगट्या १३६, प्रत्येकाच्या हाती १३ आणि जिंकवणारी चौदावी. तिथल्या सर्वांत मोठ्या डावांना याकुमान म्हणतात. खेळाडू साधारण २५,००० गुणांनी बसतात. याकुमान लागला की ३२,००० गुण, वाटणाऱ्याला लागला तर ४८,०००. त्यातला कोकुशी मुसो मला सर्वांत जवळचा वाटतो. तिन्ही रंगांतल्या एक्क्या आणि नव्व्या, चार वारे, तीन ड्रॅगन: अशा तेरा वेगवेगळ्या सोंगट्या प्रत्येकी एक, आणि त्यांतल्याच एकीची जोडी. एरवी यांचा एकमेकींशी मेळ बसणं अवघड, म्हणून शहाणा खेळाडू त्या आधी टाकून देतो. कोकुशी खेळणारा मात्र त्याच राखत जातो. जुळलेल्या, सोप्या सोंगट्या तो हातातून सोडतो आणि इतरांनी नाकारलेल्यांची वाट पाहतो. एकच सोंगटी आली नाही, तर सगळा संसार व्यर्थ.

तेन्हो नावाचा याकुमान याहून वेगळा. वाटणाऱ्याला पहिल्याच चौदा सोंगट्यांत डाव तयार मिळतो. त्याचेही गुण तेवढेच, पण तिथे माणसाने काही केलेलं नसतं. मला तो मोठा वाटत नाही. हाती आलेलं वाईट दान बघून जो पहिल्याच क्षणी वेगळी वाट धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही, त्याचा डाव खरा मोठा.

बीडच्या वाट्याला पाऊस थोडा आला, जमीन हलकी आली. इथल्या माणसांना हाती मोठी पानं नसताना खेळणं ठाऊक आहे. म्हणूनच पारावरच्या या खेळाकडे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून पाहू नये. पानं लक्षात ठेवणं, भिडूवर न बोलता विश्वास टाकणं आणि दुर्रीची किंमत ओळखणं, एवढं सगळं त्यात शिकायला मिळतं. या उन्हाळ्यात गावी गेलात आणि चौथा गडी कमी असेल, तर मोबाइल खिशात ठेवून डावाला बसा, आणि घरातल्या पोरांनाही मेंढीकोट शिकवा.