सुईवरचा एकच टाका

घरात दोन लहान मुली असताना आईचा कुठला छंद टिकतो, हे तिच्या आवडीवर कमी आणि मध्येच उठता येण्यावर जास्त ठरतं. जलरंग टिकत नाहीत. कागद ओला करून आभाळाचा पहिला हात फिरवावा, तर नेमकी तेव्हाच बाथरूममधून "आई, झालं!" अशी हाक येते आणि परत येईतो आभाळाला सुकलेल्या कडा पडलेल्या असतात. शिवणयंत्र चालतं, पण मुली झोपल्यावर. आणि आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत रात्री दहानंतर यंत्र सुरू केलं की खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी जिन्यात भेटतात. दोन सुयांचं विणकाम मला मनापासून आवडतं. पण त्यात सुईवर एका वेळी शंभर-सव्वाशे टाके उघडे असतात. पाच वर्षांच्या मुलीने "ही माझी तलवार" म्हणत सुई उपसली, की सगळे एकदम मोकळे.

क्रोशाची गोष्ट वेगळी. तिथे कुठल्याही क्षणी सुईवर एकच टाका उघडा असतो, मागचे सगळे आपापल्या जागी बंद होऊन बसलेले असतात. दार वाजलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, कुणी कुणाला चावलं, तर तो एक टाका बोटभर लांब ओढायचा, सुई काढून घ्यायची आणि उठायचं. अर्ध्या तासाने येऊन दोरा आवळला की काम जिथे होतं तिथून पुढे. (ट्युनिशियन क्रोशात ओळभर टाके सुईवर राहतात. त्याच्या वाटेला मी मुली मोठ्या होईपर्यंत जाणार नाही.) याच एका टाक्याचा तोटाही आहे. तो निसटला आणि कुणी दोरा धरून पळालं, की फेरीमागून फेरी सरसर उसवत जाते आणि उसवण्यात मुलांना फार मजा येते. म्हणून आमच्याकडे उठताना त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची, हा नियम आहे.

मी शिकले सासूबाईंकडून. त्यांचं काम पांढऱ्या दोऱ्याचं, २० नंबरच्या: रुखवतातले रुमाल, दाराची तोरणं, ताटावरचे थालपोस. रुमाल पुरा झाला की तो साबुदाण्याच्या खळीत बुडवायचा आणि पाटावर टाचण्या लावून, प्रत्येक पाकळी ओढून बसवून वाळवायचा. त्यांच्या लेखी काम खरं तिथे संपतं. माझं लोकरीचं काम त्यांना जरा ढोबळच वाटतं. "भराभर होतं खरं," एवढंच म्हणतात. पण साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब ही बाराखडी त्यांनीच गिरवून घेतली. इंटरनेटवरच्या कृती मी आजही मनातल्या मनात खांबांत उतरवून घेते, मगच हात चालतो.

माझं बरंचसं काम लोकलमध्ये होतं. सकाळी डोंबिवलीहून लेडीज डब्यात बसायला मिळेल, अशी आशा कुणी करू नये. पण ठाण्याला कुणी उतरलं आणि चौथ्या सीटवर टेकायला मिळालं, की कुणाचा मटार निघतो, कुणाची पोथी, माझी सुई. गर्दीत सुईच्या टोकाला बुचाचा तुकडा लावते. धक्क्यात कुणाच्या दंडात शिरायला नको. डब्यात मी फक्त चौकोन करते, ग्रॅनी स्क्वेअर. मधल्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट, त्यांच्यामध्ये दोन-दोन साखळ्या. त्या साखळ्यांचे पुढे कोपरे होतात. एकदा हात बसला की बघावं लागत नाही आणि चौकोन पर्समध्ये मावतो. स्टेशन आलं की फेरी अर्धी टाकून उतरता येतं.

घरी लोकरीचा पहिला कार्यक्रम मात्र तिघींचा असतो. लडी आणली की गुंडा करावा लागतो. थोरली समोर बसून दोन्ही हात पुढे करते, त्यांवर लडी चढवायची. धाकटी गुंडा गुंडाळते. ती जीव खाऊन आवळते आणि आवळलेल्या गुंड्यातली लोकर ताणलेली राहते. विणलेलं काम नंतर आखडतं. मग मी तिची दोन बोटं गुंड्यावर ठेवून त्या बोटांवरून दोरा घ्यायला लावते. बोटं काढली की तेवढी सैल जागा आत राहते. थोरलीचे हात दुखायला लागतात, ती ते हळूहळू जवळ आणते, लडी लोंबायला लागते, धाकटी ओरडते. बहुतेक गुंडे माझ्या आणि नवऱ्याच्या हातून पुरे होतात.

थोरली डावखुरी आहे. आजीने आधी सुई तिच्या उजव्या हातात देऊन पाहिली, तिने ती शांतपणे डाव्या हातात घेतली. डावखुऱ्या मुलीला शेजारी बसवून शिकवता येत नाही, समोरासमोर बसावं लागतं. ती मला आरशासारखी पाहते आणि माझ्या उजव्या हाताचं तिच्या डाव्या हातात जसंच्या तसं उतरतं. मात्र माझी गोल फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाते आणि तिची काट्यांबरोबर. त्यामुळे तिने अर्धवट टाकलेलं वर्तुळ मी "दे इकडे, मी संपवते" म्हणून पुरं करू शकत नाही. करायला गेले तर टाक्यांचा कल जिथल्या तिथे बदललेला दिसतो. गृहपाठापासून डब्यातल्या पोळीपर्यंत आईने पुऱ्या केलेल्या गोष्टींनी भरलेल्या तिच्या दिवसात हे एक काम असं आहे की ते तिचं तिलाच करावं लागतं. मला ही सोय फार आवडते.

मुक्या खांबाचं सपाट वर्तुळ म्हणजे सहाचा पाढा. कड्यात सहा टाके घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले बारा. तिसरीत एक साधा, एकात दोन, म्हणजे अठरा. चौथीत दोन साधे, एकात दोन. सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा. पाढा चुकला तर तो कापडात दिसतो. वाढ कमी पडली की कडा वर वळून वाटी होते. वाढ जास्त झाली की कडेला झालर पडते. तिसरीतल्या मुलीला पाढा पाठ असतोच, पण तो चुकल्यावर नेमकं काय होतं हे वहीत कधी दिसत नाही. तिथे नुसती लाल रेघ येते.

थोरलीला वर्तुळापेक्षा झालर आवडली. प्रत्येक टाक्यात दोन, पुढच्या फेरीत परत प्रत्येकात दोन, असं करत ती बसली. टाके दरवेळी दुप्पट होत गेले, फेरी संपेना आणि हातात लेट्यूसच्या गड्ड्यासारखं काहीतरी तयार झालं. आजीने विचारलं, "हे कशावर ठेवायचं?" याला उत्तर नव्हतं. पण अशाच एका निरुपयोगी झालरीने गणिताच्या वर्गात जागा मिळवली आहे. डायना तायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना १९९७ मध्ये त्यांनी हायपरबोलिक पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. त्याच्यावर एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा जाऊ शकतात. आपण शाळेत शिकलो त्या भूमितीत अशी एकच असते. आधीच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटायच्या, लोकरीची कितीही चुरगळा. कृती अगदी साधी: इतक्या टाक्यांमागे एक वाढ आणि ते प्रमाण शेवटपर्यंत मोडायचं नाही.

पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये तीच झालर घेऊन लोकरीची प्रवाळं विणायला सुरुवात केली, कारण प्रवाळांचे आकारही तसेच असतात. त्यांनी प्रमाण मुद्दाम थोडं थोडं मोडलं, त्यातून नवे नवे आकार निघाले. पुढे देशोदेशींच्या हजारो हातांनी प्रवाळं विणली आणि २०१९ मध्ये ते काम व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. मी हे मुलींना सांगितलं तेव्हा त्यांना व्हेनिसचं काही वाटलं नाही. जुळ्या बहिणींमध्ये सुई आधी कुणाला मिळायची, एवढंच त्यांनी विचारलं.

धाकटी अजून सुई धरत नाही. बोटाने साखळी घालते. आंगठा आणि तर्जनीने फासातून दोरा ओढायचा, परत ओढायचा. तिचा हात सैल, प्रत्येक कडी निराळी. थोरलीचा इतका आवळ, की पुढच्या फेरीत सुई आत शिरताना करकरते. माझ्या मते हात हा अक्षरासारखा असतो. वळण थोडंफार लावता येतं, मूळचा स्वभाव जात नाही. धाकटीची साखळी आता स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंत पोचते. ती कापू देत नाही. "कशाला हवीये?" हा प्रश्न तिच्यापर्यंत अजून आलेला नाही.

तो माझ्यापर्यंत मात्र आला आहे. धाकटीसाठी अमिगुरुमी करते, ती जपानी पद्धतीची इवली विणलेली खेळणी. ती सलग चक्राकार विणतात, फेरी बंद करत नाहीत. म्हणून फेरीचा पहिला टाका खुणेने धरून ठेवावा लागतो. दुकानात त्यासाठी प्लॅस्टिकच्या कड्या मिळतात, मी मुलींच्या केसांच्या टिकटॅक पिना वापरते आणि शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना त्या सशाच्या कानात सापडतात. डोळे काळ्या दोऱ्याने भरते. प्लॅस्टिकचे मणी तान्ह्यांच्या तोंडात जाऊ शकतात आणि आमची खेळणी शेजारच्या बाळांकडेही जातात. शेजारी तो ससा कुणी पाहिला की पुढचं वाक्य ठरलेलं: "अगं, विकत का नाहीस?"

याचा एक हिशेब आहे आणि तो मी करून पाहिला आहे. लोकरीची किंमत धरली, वेळेला घरकामाच्या मावशींना देतो तोच दर लावला, तरी सशाची जी किंमत येते ती ऐकून विचारणारी बाई हसते. यंत्रावरचा ससा तिला शंभर रुपयांत मिळतो. यंत्रावर जाळी विणता येते, क्रोशासारखं दिसणारं कापड काढता येतं. पण बाजारात येणारा खरा क्रोशा आजही हातानेच होतो. मॉलमध्ये क्रोशाचा टॉप स्वस्तात दिसला, की मी तो आतून उलटून बघते. टाका खरा निघाला तर अस्वस्थ होते, कारण मग तेवढ्या पैशांत दुकानाचं भाडं, दलाली आणि वाहतूक भागवून कुणाच्या तरी हाताला काय पडलं असेल, ते उघड आहे.

आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. लेस परदेशी जायची, व्यापारी श्रीमंत व्हायचे आणि दिवसाचे कित्येक तास सुई चालवणाऱ्या बाईला मात्र 'घरी बसलेली' म्हणत. काम फावल्या वेळातलं ठरलं की मजुरीही फावल्या वेळातलीच द्यायची. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. माझी तक्रार त्यांच्यापुढे काहीच नाही, पण ती उलट्या बाजूची आहे. त्यांच्या कामाला लोक छंद म्हणाले. माझा छंद लोकांना काम करून हवा आहे. मी पगाराची नोकरी करते, घर करते, त्यातून उरलेल्या तुकड्यांत हे करते. त्या तुकड्यांवर कुणाची ऑर्डर, कुणाची तारीख नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींनाही मी अजून कुठल्या उन्हाळी क्लासला घातलेलं नाही. तिथे शेवटच्या दिवशी प्रदर्शन असतं आणि प्रदर्शनाला झालर चालत नाही, रुमालच लागतो.

सध्या पांघरूण जोडायला घेतलं आहे. लोकलमधले माझे चौकोन आणि थोरलीचे, एकाच लोकरीचे, एकाच कृतीचे. शेजारी ठेवले तर तिचे बोटभर लहान. आवळ हाताचा परिणाम. उसवून परत करायला सांगणं मला पटलं नाही. तिच्या प्रत्येक चौकोनाभोवती मुक्या खांबाची एक जादा फेरी घातली की मापं जुळतात आणि तिचे चौकोन चौकटीत बसवल्यासारखे वेगळे उठून दिसतात. ही युक्ती आजीलाही आवडली. धाकटीची साखळी चारही कडांना गोंडे म्हणून लावावी, असा प्रस्ताव मी मांडला होता. तो कापण्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

किनार एकाच हाताने, एकाच दिशेने घालावी लागते, आणि ती थोरलीला हवी आहे. तिच्या हाताने किनार आवळली तर पांघरुणाची परात होईल, म्हणून तिला साडेचारऐवजी साडेपाच मिलिमीटरची सुई दिली आहे. रंगाचं मात्र अडलंय. तिला काळा हवा, धाकटीला गुलाबी. आजीने पांढरा सुचवला, त्याला दोघींनी एका सुरात नकार दिला.