साडेसातीचं गणित

मागच्या सेमिस्टरला एम-थ्रीत बॅक लागला आणि आजीने जाहीर केलं, "तुला साडेसाती लागली रे बाबू!"

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. शनी म्हणजेच सॅटर्न, हे मला बऱ्याच उशिरा कळलं (हसू नका!). चिडून म्हटलं, "तुला माहीत तरी आहे का तो किती दूर आहे?"

"तूच सांग नं, इंजिनिअर!"

आकडा काही आठवेना. मग तिलाच विचारलं, साडेसातच वर्षं का? तर म्हणे, शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, तीन राशींची साडेसात. म्हणजे बारा राशींना ३० वर्षं! आता केप्लर काय म्हणतो? प्रदक्षिणेच्या वर्षांचा वर्ग म्हणजे सूर्यापासूनच्या अंतराचा घन. पृथ्वीचं अंतर १ धरायचं. ३० चा वर्ग ९००, त्याचं घनमूळ साधारण ९.६५. पुस्तकात पाहिलं, तर ९.५! (खरी प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून थोडा फरक.) गुरू एका राशीत एक वर्ष. १४४ चं घनमूळ ५.२४, पुस्तकात ५.२. आजीचं पंचांग माझ्या कॅल्क्युलेटरला पुरून उरलं.

"पण म्हणजे किती लांब?"

"सूर्य झिरो माईलवर ठेव. १५ कोटी किलोमीटरचा एक किलोमीटर कर. पृथ्वी एक किलोमीटरवर, शनी विमानतळाच्याही पुढे. नेपच्यून तर ३० किलोमीटर, पार बुटीबोरीकडे."

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "इतक्या दुरून येतो बिचारा. चिकाटी आहे."

शनिवारी ती तेल वाहायला गेलीच. पेपर सोमवारी आहे.