घोडनदीकाठचा कामठा

शिरूर हा पुणे जिल्ह्यातील असा तालुका आहे की, ज्यातून जाणारे पुष्कळ आणि ज्याच्याकडे जाणारे थोडे. नगरच्या रस्त्याने धावणारी मोटार रांजणगावच्या महागणपतीपुढे घटकाभर थांबते, घोडनदीचा पूल ओलांडते आणि नगर जिल्ह्यात शिरते. शेजारच्या दौंडची कीर्ती तर आगगाडीचे इंजिन या टोकाचे त्या टोकाला लावण्याचे स्थानक एवढीच कित्येक वर्षे होती. मला असली उपेक्षित गावे आवडतात. त्या आवडीत गावाविषयीचे प्रेम किती आणि गर्दीविषयीचा तिटकारा किती, याचा हिशेब मी कधी मांडलेला नाही.

रांजणगावी मात्र गर्दी चुकत नाही. देवळात एक काका आपल्या नातवंडांना त्रिपुरासुराची कथा सांगत होते, ती मी खांबाला टेकून ऐकली. तीन पुरे एका रेषेत येतील त्या क्षणी एकाच बाणाने ती भेदावयाची, म्हणून शंकराने मेरू पर्वताचे धनुष्य केले, वासुकीची दोरी केली आणि प्रत्यक्ष विष्णूचा बाण केला. परंतु एवढा सरंजाम जमवूनही गणपतीचे पूजन राहून गेल्यामुळे काम अडले, ते येथे पूजन केल्यावर तडीस गेले, असे स्थलमाहात्म्य आहे. पर्वत वाकवावयाचा तर त्याच्या कोणत्या अंगाने किती तासावा लागला असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. पुढे दोनच दिवसांत तो फार जिवंतपणे पुढे उभा राहिला, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

शिरूर गावात एक दिवस गेला. जुन्या इंग्रजी छावणीतील कर्नल वॉलेस 1809 साली निवर्तला आणि गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवून त्याच्या कबरीवर सुगीचे धान्य वाहण्याचा प्रघात पाडला, ही गॅझेटियरातील नोंद मला फार दिवस मोह घालीत होती. इतकी निर्मळ कृतज्ञता परक्या फौजेच्या कोणा अंमलदाराच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

माझे खरे गंतव्य इनामगाव होते. डेक्कन कॉलेजच्या पंडितांनी, म्हणजे डॉ. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, 1968 पासून 1983 पर्यंत घोडनदीच्या काठी उत्खनन करून इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातील शेतकऱ्यांचे एक संपूर्ण खेडे उजेडात आणले. त्यांची घरे, त्यांचा पाण्याचा पाट, धान्याचे कोठार, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेला एक पुरुष, हे सर्व मी पुस्तकांतून इतक्या वेळा पाहिले होते की, प्रत्यक्ष जागेवर काहीतरी दिसेल अशी खुळी अपेक्षा धरून बसलो होतो. दिसली ती पांढरीची उंचवट, काटेरी झुडपे आणि उसाची रांग. उत्खननाचे खड्डे बुजवून जमीन जमिनीला परत देणे हे शास्त्रशुद्ध आहे, हे मला कळते. तरी उन्हात पायपीट केलेल्या माणसाचा शास्त्रशुद्धतेवर राग निघतो, तसा माझा निघाला.

त्या रागाच्या भरातच मी नदीच्या बाजूला वळलो. उसाच्या फडाला लागून तोडणी कामगारांच्या टोळीचा तळ पडला होता. पाचटाच्या कोप्या, बांधलेले बैल, चुलींचा धूर. माणसे फडात गेलेली, मागे दोन-तीन पोरे आणि एक म्हातारा. तो कोपीच्या सावलीत पाय पसरून बसला होता आणि ज्या कोयत्याने त्याचे मुलगे-सुना ऊस तोडीत होते तसल्याच कोयत्याने बांबूची एक लांब फाळी तासत होता. फाळीचे एक टोक काखेत, दुसरे पायाच्या अंगठ्याखाली, आणि कोयता दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढलेला. तासणीच्या पातळ झिलप्या त्याच्या मांडीवर साठल्या होत्या. मी काठी करतोस का म्हणून विचारले. त्याने वर न पाहता सांगितले, “कामठा.” म्हणजे धनुष्य.

ही मंडळी नंदुरबार जिल्ह्यातील, धडगावच्या वरच्या डोंगरातली. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीनंतर निघावयाचे, हंगाम संपला की होळीला घरी. म्हाताऱ्याची बोली पावरी. मराठी त्याला बाजारापुरते येत होते, आणि त्यात आदरार्थी क्रियापदांचा मामला मुळीच नव्हता. “साहेब, तू खाली बस, उजेड अडतो,” असे तो मला म्हणाला. कित्येक वर्षांत इतक्या मोकळेपणाने मला कोणी बसविले नव्हते. मी बसलो तो दिवस मावळेपर्यंत उठलो नाही.

ती फाळी येथल्या बांबूची नव्हती. सातपुड्यातला भरीव मानवेल पावसाळा सरल्यावर, अवसेच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून त्याने उभा चिरला होता आणि वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवला होता. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असे तो म्हणाला. चांदण्याचे मला ठाऊक नाही. परंतु पावसाळ्यानंतर बांबूतला गोड रस उतरतो आणि भुंगा त्या गोडीसाठीच येतो, एवढे वनस्पतिशास्त्रही मान्य करते, आणि धुराने तो आणखी दूर राहतो. अशा दोन फाळ्या त्याने अंथरुणाच्या वळकटीत बांधून शिरूरपर्यंत आणल्या होत्या. एक मोडली तर दुसरी असावी म्हणून.

मी समजत होतो की, धनुष्य करणे म्हणजे लाकूड वाकविणे. म्हाताऱ्याने त्या संध्याकाळपर्यंत काहीही वाकविले नाही. तो केवळ कमी करीत होता. बांबूचे सगळे बळ त्याच्या चकचकीत सालीखालच्या दाट तंतूंत असते. ती सालीची बाजू धनुष्यात बाहेर, लक्ष्याच्या दिशेला येते आणि दोरी ओढली की ताणली जाते. आतली मऊ बाजू दाबली जाते. म्हणून सालीला हत्यार लावावयाचे नाही. तिच्यावरील पेरांच्या गाठी तेवढ्या काचेने हलक्या खरवडावयाच्या, आणि जे काय तासावयाचे ते सारे आतून. “साल कापली तर कामठा रडतो,” तो म्हणाला, आणि रडतो म्हणजे काय हे दाखविण्यासाठी त्याने एक टाकाऊ तुकडा सालीवर कोयत्याचा चरा पाडून गुडघ्यावर दाबला. चऱ्यापाशी एक धांदोटी उचलली गेली आणि तुकडा कर्कश आवाज करून मोडला.

मधला मूठभर भाग जाड, तेथून दोन्ही टोकांकडे निमुळते होत जाणारे दोन हात. दर काही वेळाने तो उठे, फाळीचे टोक जमिनीला टेकवी, मुठीवर तळहाताने भार देई आणि एक डोळा मिटून ती कशी वाकते ते न्याहाळी. एका हाताच्या मधोमध, पेराच्या जवळ, बाक पडत नव्हता. “हे अंग निजलंय,” म्हणून त्याने तेथे कोळशाची रेघ ओढली आणि फुटक्या बाटलीच्या काचेने आतून इतके थोडे खरवडले की, निघाले ते पिठासारखे होते. पुन्हा भार, पुन्हा डोळा मिटणे. निजलेले अंग जागे झाले तेव्हा दुसरे किंचित जास्त जागे वाटू लागले, आणि कोळशाची रेघ तिकडे गेली. या येरझारांचा मला कंटाळा यावयास हवा होता. परंतु एखाद्या गवयाच्या तंबोऱ्याची जुळणी ऐकताना जशी आपल्याही कानाला श्रुती कळू लागते, तसा त्या बाकातला दोष मला सांगण्याआधीच दिसू लागला, आणि एकदा तर मी चुकीच्या नव्हे, बरोबर जागी बोट ठेवले. म्हाताऱ्याने काही न बोलता तेथे रेघ ओढली. आयुष्यात मिळालेल्या प्रशस्तिपत्रांपैकी फार थोडी याच्या जवळपास येतील.

नंतर निखाऱ्यावर आतली बाजू शेकून, मोहाच्या बियांचे तेल चोळून तिरकेपणा काढला. उंची त्याने मापाने पाहिली नाही. एक बारा-तेरा वर्षांचा नातू बोलावून त्याच्या कपाळाशी टोक लावले. कामठा त्याच्यासाठी होता. होळीला गावी नाचताना पोराच्या हाती स्वतःचा कामठा हवा, उसन्याचा चालत नाही.

दोरी पाहून मी चकित झालो. तात नाही, सूत नाही. बांबूच्याच सालीची नखाइतकी पातळ पट्टी, दोन्ही टोकांना सुतळीचे फासे. तात ओलीने सैल पडते, शिंग आणि सरस यांनी जोडलेली मोगली धनुष्ये पावसाळी हवेत कुरकुरतात. ज्यांच्या डोंगरात चार महिने पाऊस कोसळतो त्यांनी दोरीही बांबूचीच केली, यात केवळ गरिबी पाहणे चुकीचे होईल. काम नसेल तेव्हा फासा एका टोकाने सोडून ठेवावयाचा, नाहीतर कामठ्याला वाकण्याची खोड लागते. चढविलेली दोरी त्याने बोटाने छेडली. काव्यातला टणत्कार नव्हे. कोरडा, आखूड, ‘टक्’ असा नाद. तो त्याला पसंत पडला.

नातवाने बरूचा तीर लावून ओढला, तो पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत, अंगठा बाजूलाच. मला साहजिकच एकलव्य आठवला, आणि मी म्हाताऱ्याला विचारले. तो हसला. “अंगठा कशाला लागतो?” खरोखर, ऑलिंपिकचे तिरंदाजही तीन बोटांनी दोरी ओढतात, अंगठा वापरीत नाहीत. मध्य आशियापासून मोगलांपर्यंत अंगठ्यात कडे घालून ओढण्याची रीत होती, आणि त्या रीतीच्या योद्ध्याचा अंगठा गेला तर सर्वस्व गेले. द्रोणाचार्यांनी आपल्या रीतीचा अंगठा मागितला आणि रानाने रीत बदलून टाकली, असा माझा एक तर्क आहे. त्याला पुरावा नाही, तरी तो मला सोडवत नाही.

पोराची अडचण वेगळीच होती. 2023 साली बर्लिनला जगज्जेती झालेल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीचे चित्रण त्याने मोबाईलवर पाहिले होते, आणि तिच्या धनुष्याला असतात तशी चाके आजोबा का बसवीत नाहीत, असा त्याचा सवाल होता. “चाकं गाडीला,” म्हाताऱ्याने निकाल दिला. उसात बिबट्या आला तर हा कामठा चालेल का, असे मी विचारले, कारण सांज पडताच बायका घाईने शेकोट्या पेटवू लागल्या होत्या. “त्याला मारलं तर जेल. आपल्याला मारलं तर पैसे,” तो म्हणाला. कायद्याचा इतका संक्षिप्त गोषवारा मी वकिलांकडूनही ऐकला नाही.

गुळाचा कोरा चहा झाला. मी कामठा विकत मागितला, कारण शहरी माणसाला आवडलेली वस्तू विकत मागण्यावाचून आवड दाखविता येत नाही. त्याने नकार दिला, उरलेली दुसरी फाळी मात्र पुढे केली आणि म्हणाला, “तू कर.” ती मी घेतली नाही; तिला न्याय देण्याइतका माझा हात तयार नव्हता.

इनामगावच्या मातीत गारगोटीची बारीक पाती आणि हरणांची हाडे निघाली. तसली पाती बाणाला बसवीत. पण बांबू आणि लाकूड त्या काळ्या मातीत तीन हजार वर्षे टिकत नाही, त्यामुळे येथल्या शिकाऱ्याने कोणते अंग किती तासले हे कोणत्याही अहवालात सापडावयाचे नाही. तेव्हा ज्याला इनामगाव पाहावयाचे असेल त्याने भांडीकुंडी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहावीत आणि गावाकडे जावयाचे तर मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत जावे. होळीच्या आधी टोळ्या उठतात. मग नदीकाठी पाचटाखेरीज काही नसते.