फरसबंदी आणि झीज

प्रतिकृती करणारी माणसे बुरूज, तट, दरवाजे यांवर जीव टाकतात आणि जमिनीची वेळ आली की हिरवा रंगवलेला भुसा पसरून मोकळी होतात. दिवाळीत मुले करतात त्या मातीच्या किल्ल्यांत हे खपून जाते. तेथे हळीव उगवले की डोंगर सजतो. आम्ही सिंदखेडराजा येथील लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्याच्या प्रवेशद्वाराची लहान प्रतिकृती करावयास घेतली, तेव्हा मात्र सर्वांत अवघड गेली ती दारापुढची जमीन. तेथे काळ्या दगडाची फरसबंदी आम्ही योजिली होती. त्या जागेची नक्कल म्हणून नव्हे, तर आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या दगडी आवारांचा नमुना म्हणून.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. १:५० या प्रमाणात एक फुटाचा दगड ६ मिलिमीटरचा होतो आणि १ मिलिमीटरचा वाळूचा कण ५ सेंटिमीटरचा गोटा ठरतो. म्हणजे खरी वाळू पसरली की ती खोटी दिसते. म्हणून सांध्यांत भरण्यासाठी काळी माती वस्त्रगाळ केली. दगडांसाठी अंड्यांच्या ट्रेचा जाड, खरखरीत पुठ्ठा उपयोगी पडला. त्याचे कपटे कापून, कडा बोटांनी चेपून, एकेक करून फेविकॉलने चिकटवले. कपटे सारखे कापले तर अंगण न्हाणीघरातल्या टाइल्ससारखे दिसते, म्हणून प्रत्येक थोडा वेगळा. वरून काळसर करडा रंग; तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखाडी रंगाचा ओझरता हात. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात.

पुढचा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यास ओळखीचा वाटेल. दगड झिजलेले दाखवावयाचे, तर कोठे? झीज म्हणजे तेथून कुणीतरी वर्षानुवर्षे चालल्याचा दावा. भिंतीच्या कडेने, पाणी वाहणाऱ्या बायकांची वाट कोरावी, असे आमच्यातल्या एकीने सुचवले. कल्पना मोहक होती. जिजाबाईंच्या जन्माची १२ जानेवारी १५९८ ही तारीख सांगितली जाते. लखुजीराजांची १६२९ मध्ये दौलताबादेस झालेली हत्या इतिहासात नोंदली गेली. घागरी वाहणाऱ्यांची नोंद कुणी ठेवली? परंतु करुणेपोटी कोरलेली वाटही अखेर आमचीच असते, त्यांची नव्हे. ऐतिहासिक कादंबरी पुष्कळदा येथेच घसरते. रिकामी जागा दिसली की ती भावनेने भरून काढते.

शेवटी आम्ही झीज दिली ती केवळ उंबऱ्यापुढे. अंगण रुंद, दार अरुंद. राजा, मोतद्दार, पाणक्या, जो कुणी दारातून जाईल त्याचे पाऊल तेथे पडणारच. एवढे सांगण्यास वास्तूची साक्ष पुरते.

वाट सुचवणारी मैत्रीण अद्याप राजी नाही. तिच्या मते वाट न कोरणे हाही एक निर्णयच आहे, आणि पुराव्याचा आग्रह धरणारे असे निर्णय दर वेळी त्याच माणसांच्या विरुद्ध जातात. या आक्षेपाला पुरते उत्तर आमच्यापाशी नाही. भिंतीकडचे दगड तूर्त न झिजलेले आहेत.